साक्षीचं पागोटं

कडावच्या पलीकडच्या माळावर तळं खणायला घेतलं ते साल मुंबईत गाठीच्या तापाचं. गिरण्यांतली माणसं जीव मुठीत धरून गावी परतली होती, घरोघर खाणारी तोंडं वाढली होती, आणि अशात कचेरीने दवंडी पिटली की तळ्याला बांध घालायचा आहे, माती खणणाऱ्याला रोख पैसे मिळतील. मग काय, शिमग्याची राख निवायच्या आत अर्धा गाव कुदळी-पाट्या घेऊन माळावर हजर.

कचेरी लबाड नव्हती, पण भोळीही नव्हती. बांधावर टाकलेली माती दबते, पसरते, तिचं माप कोण धरणार? म्हणून मोजायचा तो खड्डा. एका जोडीला दर पंधरवड्याला एक नवा खड्डा आखून द्यायचा. नवरा खणणार, बायको पाटीने माती बांधावर नेणार. खड्ड्याच्या मधोमध जमिनीचा एक तुकडा मात्र न खणता ठेवायचा. भोवतीची माती गेली की तो डोक्यावर मूळचं गवत घेऊन खांबासारखा उभा राहतो आणि जमीन आधी कुठवर होती ते सांगतो. म्हणून त्याला साक्षी म्हणायचे. दर पंधरवड्याला मोजणीचे कारकून विष्णुपंत कर्जतहून तट्टावर बसून यायचे आणि साक्षीला लाकडी गज लावायचे. साक्षीचा माथा गजावरच्या लाल रेघेला लागला की खड्डा पुरा, ठरलेले पैसे त्या जोडीच्या नावावर. नाही लागला तर खड्डा अपुरा, आणि अपुऱ्या खड्ड्याला छदाम नाही. अर्ध्यामुर्ध्या कामाचा हिशेब कचेरी ठेवतच नसे.

आता साक्षी मातीचा आणि माती आपल्या हातातली! वरची गवताची ढेप अलगद सोलून काढायची, खाली वीतभर माती थापायची, ढेप पुन्हा वर बसवायची आणि गवत सुकू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ ओंजळभर पाणी घालायचं. याला पागोटं घालणं म्हणत. माळावर झाडून सगळ्या साक्षींनी पागोटी घातली होती. मुकादम सहदेवला हे माहीत होतं का, असं विचारू नका. त्यानेच शिकवलं होतं.

एकट्या धाकलूच्या साक्षीचं डोकं उघडं. धाकलू हा सहदेवचा थोरला चुलतभाऊ. काटक, बोलायला फटकळ आणि आपल्या कुदळीचा भारी गर्व असलेला माणूस. दवंडीत नियम सांगितला होता तो 'कमरेइतका खड्डा' असा. म्हणून दिवस कलला की धाकलू बायकोला, सुंदराला, साक्षीशेजारी उभी करायचा. माथा तिच्या कमरेला लागला की म्हणायचा, "झाला गं पुरा." मग सहदेव आपली काठी घेऊन यायचा. पंतांच्या गजाबरहुकूम तिच्यावरही लाल खूण होती. ती लावली की खूण साक्षीच्या माथ्याच्या वीतभर वर.

"सायबाची मडम लई उंच दिसतीय," धाकलू हसायचा. "तिच्या कमरंचं माप घेतलंय."

आणि मुकाट्याने आणखी वीतभर खणायचा. खालची ती वीत म्हणजे निव्वळ मुरूम. कुदळ टणकन उडायची, मनगटं सुजायची. बाकीचे खड्ड्याच्या काठावर बसून तंबाखू मळत गंमत बघायचे. "अरं, येक पागोटं घाल की, येवढा कशाला मरतोस?" सहदेव म्हणायचा. धाकलू वर न बघता म्हणायचा, "माझ्या साक्षीला ऊन लागत नाय."

सुंदराला त्याचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा. घरी मुरमाने फाटलेल्या त्याच्या तळव्यांना तेल लावताना ती त्याला वेडा म्हणायची, आणि पाणवठ्यावर बायका तेच म्हणाल्या की त्यांच्यावर धावून जायची.

चैत्रात धाकलूला हिवताप भरला. एक दिवस थंडी, एक दिवस बरा, पुन्हा थंडी. तशातही तो कुदळ घेऊन जायचाच. खड्डा सुंदराच्या कमरेपर्यंत आला, पण खालच्या वितीला त्याचा हात चालेना. कुदळ वर जायची ती तशीच खाली पडायची. त्या दिवशी सुंदरा बांधावर पाटी रिकामी करून आली, तर धाकलू साक्षीपाशी गुडघे टेकून बसला होता. गवताची ढेप बाजूला काढलेली, आणि तो ओल्या हाताने माती थापत होता.

ती काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "गप. फुडल्या खेपंला दोन विती जास्त खणून दीन. फिटंल."

खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. एकदाचा हा इतरांसारखा वागला, आता चार दिवस निजून राहील, असं तिच्या मनात आलं. तो निजला खरा, पण पुन्हा उठलाच नाही. तापाच्या भरात तो सारखा एकच बडबडायचा. "ढेप काढ गं. सुंदरे, ती ढेप काढ. माजा हात कमी पडला." सासू भागूबाईला वाटायचं, लेकाला छातीवर ओझं वाटतंय, ती बिचारी त्याच्या अंगावरची घोंगडी काढायची. सुंदराला सगळं कळत होतं. ती त्याच्या कपाळावरची पट्टी बदलत राहिली आणि हो म्हणाली नाही. घरात एक म्हातारी, एक लहान लेक ठमी आणि पुढे पावसाचे चार महिने. त्या खड्ड्याचे पैसे म्हणजे त्या चार महिन्यांचे तांदूळ होते.

धाकलू गेला. आणि तो गेल्यावर दुसरी गोष्ट उभी राहिली. एकट्या बाईला खड्डा नाही, कारण खणणार कोण? या मापाला खड्डा पुरा धरला गेला तर पैसे धाकलूच्या नावावर पडणार होते. नाही तर तो खड्डा दुसऱ्या जोडीकडे जायचा. त्यांनी उरलेलं खणायचं आणि सगळ्याच खड्ड्याचे पैसे घ्यायचे. धाकलूची सगळी मेहनत दुसऱ्याच्या नावावर. पंतांची फेरी या खेपेला लांबली होती आणि माप होतं दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी. सुतकात सुंदराला माळावर जाता येईना, म्हणून शेजारच्या खड्ड्यातली जना तिच्या साक्षीच्या गवताला पाणी घालत होती. न सांगता, न विचारता.

दहाव्याला सगळी पेज नदीच्या काठी जमली. धाकलूला मुलगा नव्हता, म्हणून पिंड सहदेवने ठेवला. भाताचा गोळा, त्यावर दही, शेजारी त्याची आवडती सुकी मासळी. समोरच्या करंजावर कावळे होते, नव्हते असं नाही. पण एकही खाली उतरेना.

"दादा," सहदेव हात जोडून म्हणाला, "ठमीचं लगीन मी लावून दीन." कावळे बसून राहिले.

"काकूला अंतर देणार नाय."

एक कावळा उडाला आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. ऊन चढायला लागलं. सहदेवने घसा खाकरला. जीव खड्ड्याच्या पैशातच अडकला असेल असं सगळ्यांना वाटत होतं, म्हणून त्याने तेही सांगितलं. "तुजा खड्डा उद्या मी मोजून घेतो. पै न् पै वयनीच्या हातात दीन. सोड आता."

कावळे जागचे हलले नाहीत. जमलेल्या माणसांत चुळबुळ सुरू झाली. भटजींनी थोडा वेळ वाट पाहिली आणि दर्भाचा कावळा वळायला घेतला. माणसाचा जीव अडकला असं मानायचं आणि गवताच्या कावळ्याने पिंड शिववून घरी जायचं. भागूबाईने जो टाहो फोडला तो ऐकवत नव्हता. "माज्या लेकाचं काय ऱ्हायलंय गं? कुणी तरी सांगा गं त्याला!"

सुंदरा बायकांतून उठली. पिंडासमोर जाऊन ती उभी राहिली आणि एवढ्या माणसांत मोठ्याने बोलली.

"अवो, ऐकताय का? ढेप काढते मी. आजच काढते. पागोटं ठेवत नाय."

सहदेवने चमकून मान वर केली. कोणी काही म्हणायच्या आत करंजावरून एक कावळा तिरका खाली आला, भातावर चोच मारली आणि मासळी घेऊन गेला. कावळ्याला मासळीची भूक होती की आणखी कशाची, ते मला माहीत नाही. तिथे असलेल्यांना मात्र शंका उरली नाही. एरवी पिंड शिवला की माणसं मोकळेपणी बोलायला लागतात. त्या दिवशी सगळी मान खाली घालून घरी गेली.

सुंदरा घरी गेली नाही. तशीच माळावर गेली, खड्ड्यात उतरली आणि ढेप काढली. खालची धाकलूने थापलेली माती अजून ओलसर होती आणि तिच्यावर त्याच्या बोटांचे ठसे होते. ती माती काढताना सुंदरा ढसाढसा रडली. मग ढेप होती तिथे, मूळ जमिनीवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेराव्याच्या आत विधवा बाई माळावर आली म्हणून कोणीतरी नाक मुरडेल, अशी तिची तयारी होती. पण तिच्याकडे बघायला कोणाला सवडच नव्हती. जो तो आपापल्या खड्ड्यात साक्षीपाशी वाकलेला. जना आणि तिचा नवरा, आबाजी म्हातारा आणि त्याची सून, सगळ्यांनी ढेपा उतरवल्या होत्या आणि ते माती खरवडून काढत होते. आपलं दहावं येईल तेव्हा कावळा कशावर अडेल, याचा विचार ज्याने त्याने घरी केला होता. सहदेव काठावरून नुसता धावत होता.

"अरं, येडे झालात का काय? पंत यायची येळ झाली!"

"गप रं," आबाजी म्हणाला. "मला मरायला फार दिस नाय राह्यले."

विष्णुपंत आले. पोक्त, सावकाश बोलणारे, छत्री बगलेत धरून चालणारे. पहिल्या साक्षीला त्यांनी गज लावला. रेघ वीतभर वर. दुसऱ्याला लावला. तीच गोष्ट. चौथ्या-पाचव्या खड्ड्यानंतर त्यांनी गज लावणंच सोडलं आणि वरूनच साक्षींचे माथे न्याहाळत चालले. मग आंब्याखाली जाऊन बसले आणि सहदेवला हाक मारली. सहदेव गेला, आणि त्याच्या मागोमाग, न बोलावता, सुंदराही गेली.

"सहदेवा, हा काय प्रकार?" पंत हळू आवाजात म्हणाले. "पागोटी कुठे गेली?"

सहदेवचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "पंत, तुमाला..."

"मला काय, कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक आहे. कुठल्याही कामावर जा, साक्षीवर वीतभर माती चढतेच. म्हणून तर रेघ वीतभर वर आहे. माझ्या आधीच्या कारकुनाने ओढली ती. तुम्ही वीत चढवायची, आम्ही वीत कापायची, हिशेब बरोबर. आता तुम्हीच वीत उतरवलीत तर मी करू काय? सगळे खड्डे अपुरे!"

सुंदराला पहिल्यांदा ते नीट उमगलंच नाही. मग उमगलं.

"पंत," ती म्हणाली, "रेघ वीतभर वर हाय?"

"ही कोण?"

"धाकलूची बायको," सहदेव पुटपुटला. "त्यो गेला, दहा दिस झाले."

"वर आहे, बाई."

"मंजी खरा खड्डा कमरेइतकाच?"

"कमरेइतकाच. दवंडीत तेच सांगितलं होतं."

"आन् ज्यानं पागोटं न घालता तुमच्या रेघंपातूर खणला, त्याचं?"

पंतांनी सहदेवकडे पाहिलं. असा कोणी असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नसावं. "त्याने वीतभर जास्त खणला," ते म्हणाले.

"दर पंधरवड्याला?"

"दर पंधरवड्याला."

"ती माती कुनाच्या हिशेबात गेली?"

पंतांनी बांधाकडे बघितलं.

सुंदराच्या डोळ्यांसमोर ते फाटलेले तळवे आले. माजा हात कमी पडला, असं म्हणत माणूस गेला आणि त्याचा हात कधीच कमी पडला नव्हता! तिला ओरडावंसं वाटलं. कोणावर ओरडायचं तेच कळेना.

"मग आज आमचे खड्डे पुरे हायेत," ती म्हणाली. "तुमीच म्हणताय. लिवा की."

"लिहितो. आणि वर साहेबाने विचारलं की रेघेला लागत नसताना पुरे कसे धरले, तर सांगू काय? आज पागोटी नव्हती? म्हणजे आजवर होती. मग आजवरची सगळी मापं खोटी, मी खोटा, हा मुकादम खोटा, काम बंद आणि चौकशी सुरू. पाऊस तोंडावर आलाय. अर्धा बांध वाहून जाईल तो निराळाच." त्यांनी उपरण्याने मान पुसली. "बाई, खरं लिहायला माझ्या गजावर जागा नाही."

मग पंत उठले. तट्टाकडे जाता जाता सहदेवला म्हणाले, "आज वारा फार होता. माझ्या डोळ्यात धूळ गेली, मापं झाली नाहीत. उद्या सकाळी येतो. गवत हिरवं असू दे."

पंत दिसेनासे झाले आणि माळावर कुजबुज पसरली. पहिल्यांदा कोणी हलेना. सगळ्यांची तोंडं सुंदराकडे वळली. कालपर्यंत दया होती त्या डोळ्यांत आज दुसरंच काही होतं. तिच्या एका बोलण्यापायी सगळ्यांच्या पंधरवड्यावर पाणी पडायची वेळ आली होती, आणि तिने शब्द मोडल्याशिवाय दुसऱ्या कोणाचा धीरही होत नव्हता. आबाजी म्हातारा तर डोळे मिटूनच बसला होता.

सहदेव तिच्या खड्ड्याच्या काठावर आला. "वयनी, तुज्या साक्षीला मी घालतो पागोटं. पाप मला लागू दे."

"नको, भावजी. शबुद मी दिला व्हता. मोडायचा तर मीच मोडीन."

ती खाली उतरली. काल बाजूला टाकलेली माती सुकून ढेकळं झाली होती. तिने ती फोडली, पाणी शिंपडलं आणि साक्षीच्या माथ्यावर थापायला लागली. धाकलूच्या बोटांचे ठसे कालच मोडले होते. आता तिचे उमटले. थापता थापता ती त्याच्याशी बोलत होती. इतकं हळू, की काठावरच्या सहदेवलाही ऐकू गेलं नाही. ढेप बसवून, तिच्यावर पाणी घालून ती वर आली तेव्हा शेजारच्या खड्ड्यात जनाने ओंजळीत माती घेतली. मग तिच्या पलीकडच्याने. आबाजीने सुनेला सांगितलं, तू घाल, माझे डोळे मिटलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी वारा नव्हता. पंत आले, गज लावत गेले, रेघेला माथे लागत गेले. धाकलूच्या खड्ड्यापाशी त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोणाचा?"

"ठमीच्या बापाचा," सुंदरा म्हणाली.

"पुरा," पंत तिच्याकडे न बघता म्हणाले आणि पुढे गेले. पैसे संध्याकाळी मिळाले. पंतांच्या पेटीतले, राणीच्या छापाचे, खणखणीत. तिने ते भागूबाईच्या पदरात टाकले, मोजले नाहीत.

माप झालं की साक्षी पाडायचा, त्याची मातीही बांधावर न्यायची, असा रिवाज. पैसे वाटायच्या आधीच तिने ते काम उरकायला घेतलं होतं. जना मदतीला आली, तिला तिने काठावरच थांबवलं. आधी ढेप काढली. मग वरची वीत हाताने खरवडली आणि ती माती पाटीत न भरता खड्ड्याच्या कोपऱ्यात लोटली. साक्षी पुन्हा उघडा झाला. रोज दिवस कलताना उभी राहायची तशी ती त्याच्याशेजारी सरळ उभी राहिली. पदर बाजूला करून पाहिलं. माथा बरोबर तिच्या कमरेला लागत होता.

"झाला वो पुरा," ती म्हणाली. "ऐकलंत का? पुरा झाला व्हता."

तिने धाकलूची कुदळ उचलली आणि साक्षी पाडला. माती पाटीत भरली, आणि मग पाटी डोक्यावर चढवून द्यायला खड्ड्यात कोणी नाही हे ध्यानात येऊन तिने जनाला हाक मारली.